ग्रिलपासून नाक्यापर्यंत : घराजवळची झाडं आणि रोजची मुंबई टिपताना

नवा कॅमेरा किंवा बरा मोबाइल हातात आला की पहिल्या रविवारी बहुतेकजण मरीन ड्राइव्ह नाहीतर गेटवे गाठतात. तिथे जरूर जावं, पण शिकायला ती जागा सोयीची नाही. उजेड मनासारखा नसला तर पुन्हा यायचं म्हणजे लोकलचा सगळा प्रवास पुन्हा, आणि समोरचं कुणी ओळखीचं नसतं. शिकायचं तर घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत शिकावं. गेटवरच्या जास्वंदीवर ऊन किती वाजता येतं हे तुम्हाला बघून ठेवता येतं, आज वारा सुटला तर उद्या जाता येतं, आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. मुंबईत झाड सहसा एकटं भेटत नाही. तुळस तेलाच्या डब्यात असते, ओवा रंगाच्या रिकाम्या बादलीत, मनी प्लांट बाटलीत. पिंपळ चौथ्या मजल्यावरच्या पाइपच्या सांध्यातून डोकं काढतो. वडाच्या पारावर चहाची टपरी असते आणि खोडाला वटपौर्णिमेचे दोरे तसेच असतात. म्हणून ‘फुलांचे फोटो’ आणि ‘रस्त्यावरचे फोटो’ असे दोन वेगळे छंद मानू नका. झाड, त्याची जागा आणि त्याला पाणी घालणारा माणूस हे तिन्ही ज्या फोटोत दिसतं, तो फोटो मुंबईचा. तिथपर्यंत कसं पोचायचं ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी वही घेऊन फिरा

पहिला आठवडा फोटोची घाई करू नका. सकाळी दूध आणायला जाताना, संध्याकाळी कामावरून येताना सोसायटीभोवती किंवा गल्लीत एक फेरी मारा आणि तीन गोष्टी लिहून ठेवा : झाड कोणतं, ते कोणत्या दिशेच्या भिंतीला आहे, आणि त्याच्यावर ऊन किती ते किती असतं. नाव माहीत नसेल तर माळ्याला विचारा, वॉचमनला विचारा, तळमजल्यावरच्या आजींना विचारा. नावाबरोबर आणखी तीन गोष्टी कळतात : कुणी लावलं, कधी फुलतं, कुणाच्या देवाला रोज जातं.

साध्या सोसायटीच्या आवारातसुद्धा यादी लांबते. नारळ, आंबा, जांभूळ, शेवगा, अशोक, तगर, जास्वंद, कर्दळ, क्रोटन, गेटच्या कमानीवर मधुमालती, बाहेर रस्त्यावर रेन ट्री आणि गुलमोहर. आपल्या आसपासची कितीतरी झाडं मूळची दुसरीकडची आहेत. गुलमोहर मादागास्करचा, देवचाफा आणि रेन ट्री उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतले. इथलं ऊन, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यांना मानवला म्हणून ती आपल्या दारात रुजली.

यादीतून एकच झाड निवडा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. कुणी विचारलं तर मी मधुमालतीचं नाव घेतो. ती जवळजवळ प्रत्येक वस्तीत असते, हाताच्या उंचीवर असते आणि तिचं फूल रंग बदलतं. संध्याकाळी उमलताना पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग लोंबत असतात. डोळ्यांच्या उंचीवरचा एक घोस हेरा आणि सलग तीन दिवस त्याच वेळी, त्याच बाजूने त्याचा फोटो काढा. दांडीसारखी दिसणारी लांब नळी हा फुलाचाच भाग असतो, ती चौकटीतून कापू नका. तीन दिवसांचे तीन फोटो शेजारी ठेवलेत की उजेड, अंतर आणि पार्श्वभूमी यांतला फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

मोबाइल असेल तर एवढं आधी करा

लेन्स पुसा. आपल्या हवेत खारटपणा आणि धूळ दोन्ही आहे, त्यात खिशातला घाम. स्वच्छ मऊ सुती कपड्याने रोज पुसलीत तरी निम्मा धुरकटपणा जातो. मग सेटिंगमध्ये जाऊन चौकटीच्या रेषा (ग्रिड) चालू करा, सौंदर्य वाढवणारा फिल्टर बंद करा. बोटांनी चिमटा काढून झूम करण्याची सवय मोडा, पुढे जाता येत असेल तर दोन पावलं पुढे जा. स्क्रीनवर ज्या पाकळीवर फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच थांबतात. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. ती वरखाली सरकवून फोटो उजळ किंवा गडद करता येतो. ही एक पट्टी नीट वापरायला शिकलात तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

उजेड ओळखा, दिशा ओळखा

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवख्यांचे फोटो सर्वांत जास्त इथेच अडतात.

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे वर्षातून दोनदा, १५ मेच्या आणि २८ जुलैच्या आसपास, भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशीच संपते. जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो, मेमधला बघायला मिळतो. उन्हाळ्यात अकरा ते चार या वेळेत पानं चमकतात, त्यांच्या खाली काळोख होतो आणि माणसांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. या वेळेत उघड्यावर काढलेले फोटो सुधारत बसू नका. त्यापेक्षा सावलीतलं काम करा : जिन्यातली कुंडी, चाळीच्या गॅलरीतली तुळस, दुकानाच्या छपराखाली मांडलेला मोगरा.

आपल्या अक्षांशामुळे आणखी एक गंमत होते आणि ती घरबसल्या उपयोगी पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. उत्तरेच्या ज्या खिडकीत हिवाळाभर थेट ऊन येत नाही, तिथे या दिवसांत ढग नसले तर उन्हाची तिरीप येते. उलट डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य दक्षिणेला बराच खाली असतो, जेमतेम ४७ अंशांवर. म्हणून हिवाळ्यातलं दहा-साडेदहाचं ऊन मेमधल्या त्याच वेळेच्या उन्हापेक्षा कितीतरी सौम्य असतं. तुमची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते मोबाइलच्या होकायंत्रावर एकदा बघून वहीत लिहा. वर्षभराचं वेळापत्रक त्यावरून ठरतं.

आता ग्रिल. खिडकीबाहेर काढलेली लोखंडी पेटी आणि तिच्यात दाटीवाटीने ठेवलेल्या कुंड्या, ही मुंबईची खरी बाग. घरातून बघितलं की या झाडांच्या मागे उजेड असतो. सरळ फोटो काढला तर पानं काळी आणि आकाश पांढरंफटक. त्यावर दोन उपाय आहेत. एक, पानाच्या अगदी जवळ जा आणि पानावर बोट दाबून धरा. मागून येणाऱ्या उजेडात पातळ पान पेटल्यासारखं दिसतं, शिरा मोजता येतात. केळीचं कोवळं पान, अळू, पानवेल यांच्यासाठी हा उजेड सर्वांत चांगला. दुसरा उपाय म्हणजे पुढून उजेड परत फेकणं. पांढरा चार्ट पेपर किंवा थर्माकोलचा तुकडा घरच्या बाजूला, कुंडीपासून वीतभर अंतरावर धरा. पानाची तुमच्याकडची बाजू लगेच उजळते. घरातलं कुणी तो कागद धरून उभं राहिलं तर उत्तम, नाहीतर स्टुलावर टेकवा.

पावसाळ्यातला ढगाळ उजेड फुलांना फार मानवतो. सावल्या मऊ असतात, रंग भरलेले असतात. मात्र पांढुरकं आकाश चौकटीत शिरू देऊ नका. थोडं वरून खाली बघत काढा, मागे भिंत किंवा पानं येऊ द्या.

आणि निळी ताडपत्री. मेअखेरीला अर्धं शहर तिच्याखाली जातं. तिच्याखाली बसलेल्या फुलवालीचा चेहरा, झेंडू, पैसे, सगळ्यावर निळी झाक येते आणि ती नंतर मोबाइलवर नीट काढता येत नाही. अशा वेळी ताडपत्रीच्या कडेला या, जिथे बाहेरचा उजेड आत शिरतो. फुलांची टोपली तिथेच मांडलेली असते, कारण गिऱ्हाइकालाही तिथूनच बघायचं असतं.

जवळ जाताना

फुलाजवळ मोबाइल फार नेला की एकतर फोकस बसत नाही, किंवा मोबाइल आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतो आणि कडा फिसकटतात. थोडे मागे या, नेहमीची लेन्स ठेवा आणि फोटो नंतर कापा. मोठ्या कॅमेऱ्यावर उलटी अडचण असते. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १.८ इतकं मोठं ठेवून काढलं की एक पुंकेसर स्पष्ट आणि बाकी सगळं धूसर. जवळच्या कामाला एफ ८ किंवा एफ ११ ठेवा. पान सपाट असेल तर कॅमेरा पानाला समांतर धरा, म्हणजे देठापासून टोकापर्यंत सगळं पान एकाच अंतरावर येतं आणि पूर्ण स्पष्ट दिसतं. एवढी एक गोष्ट पाळली तरी पानांचे फोटो बदलून जातात.

सराव करायला अळूचं पान घ्या. पाऊस थांबल्यावर पाचेक मिनिटांत जा. पानावर सूक्ष्म मेणचट उंचवटे असतात, त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब गोल राहून घरंगळतो. मोठा थेंब बहुधा पानाच्या मध्यावर, देठाच्या जागी जमतो. त्याच्याकडे वरून बघितलं तर आभाळाचा पांढरा ठिपका दिसतो. कॅमेरा पानाच्या पातळीवर खाली आणलात तर त्याच थेंबात मागचं दृश्य उलटं दिसतं : बिल्डिंग, खिडक्या, दोरीवरचे कपडे, सगळं डोकं खाली करून. फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या उलट्या चित्रावर लावा. मग पानाला हलकेच टिचकी मारा. थेंब सरकतो, फुटतो, दोन होतात. सलग फोटोंची सोय असेल तर इथे वापरा.

वारा हा इथला रोजचा सोबती आहे, विशेषतः दुपारनंतर, समुद्राकडून येणारा. फांदी डोलत असेल तर शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे करता येतं. कपड्यांचा चिमटा आणि एक काडी जवळ ठेवा. फांदी काडीला हलकीच धरली की पुरतं, फूल मात्र दाबू नका. आणि सकाळी सात-साडेसातच्या आत गेलात तर बहुतेक दिवशी वारा पडलेला असतो.

पार्श्वभूमीचा विचार फुलाच्या आधी करा. मागे पार्क केलेली पांढरी गाडी, प्लॅस्टिकची पिशवी, चमकती पाटी असेल तर एक पाऊल बाजूला सरका. तरीही जमत नसेल तर काळा कपडा मागे हातभर अंतरावर धरा. फुलाच्या तपशिलाचा अभ्यास करायला ते ठीक आहे. पण सगळीच फुलं काळ्या कपड्यापुढे काढलीत तर ती कुठली, हेच कळेनासं होतं. मागची पिवळी भिंत, गंजलेला गज, शेजारच्या काकूंची पापडाची ताटली हीच त्या फुलाची ओळख आहे.

लाल, पांढरा, हिरवा

लाल जास्वंद उन्हात काढली की पाकळी म्हणजे नुसता लाल डाग उरतो, शिरा नाहीत, घडी नाही. कारण कॅमेऱ्याचा लाल रंग भरून वाहतो. सावलीत काढा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कर्दळ आणि गुलमोहर यांनाही हेच लागू.

पांढऱ्या फुलांत मात्र दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती समजून घेतलीत तर वर्षभराची डोकेदुखी जाते. गर्द हिरव्या पानांत एकच छोटी तगर असेल तर कॅमेरा पानांचा अंधार बघून सगळंच उजळवतो आणि तगर जळते. इथे उजेड कमी करा. उलट मोगऱ्याच्या गजऱ्यांनी चौकट भरली असेल तर कॅमेऱ्याला वाटतं की फार उजेड आहे, म्हणून तो मोगरा राखाडी करतो. इथे उजेड वाढवा.

दाट झाडाखाली उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर हिरवी झाक येते. त्याला झाडाच्या कडेला बोलवा, किंवा कॅमेऱ्यात पांढऱ्या रंगाचा तोल (व्हाइट बॅलन्स) हाताने बदला. ओल्या पानांची पांढरी चकाकी पोलरायझर फिल्टरने बरीच कमी होते. मोठा कॅमेरा असेल तर पहिला फिल्टर हाच घ्या.

माणसाला विचारून काढा

इथे तंत्रापेक्षा वागणं जास्त लागतं. कुणाच्या कुंडीचा फोटो काढायचा तर आधी कुंडीच्या धन्याला विचारा. ‘काकू, तुमची ही अबोली फार सुंदर फुललीय, फोटो काढू का?’ असं विचारलं की क्वचितच कुणी नाही म्हणतं, आणि बहुतेक काकू लगेच दुसऱ्या दोन कुंड्या दाखवतात. मग त्या पाणी घालत असताना, वाळकी पानं खुडताना हातांचे फोटो घ्या. त्यांना चेहरा द्यायचा नसेल तरी अडत नाही. हात, बांगड्या, जुना स्टीलचा तांब्या आणि ओली माती यांत त्यांची सगळी सकाळ येते.

अनोळखी माणसाजवळ गेल्या गेल्या कॅमेरा उचलू नका. भाजी घ्या, गजरा घ्या, दोन शब्द बोला. ‘मावशी, तुमचं काम चालू दे, मी बाजूने एक फोटो घेतो, चालेल ना?’ नाही म्हटलं तर नाही. धंद्याच्या वेळेत त्यांना गिऱ्हाईक सोडून तुमच्याकडे बघायला लावू नका. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, मग मूल कितीही गोड हसत असो. फोटो काढून झाला की स्क्रीनवर दाखवा. दुसऱ्या वेळी मावशी स्वतःच हाक मारतात.

गजरा ओवणारे हात हा सरावाचा उत्तम विषय आहे. स्टेशनबाहेर संध्याकाळी पाचच्या सुमाराला जा, दिवे लागायच्या आधी. बोटं फार भराभर चालतात, त्यामुळे शटर १/५०० च्या आसपास लागतं. पण केळीच्या सोपटाचा दोरा दोन बोटांत ताणला जातो आणि गाठ बसते तो एक क्षण हात थांबतो. दोन-तीन गजरे होईपर्यंत फक्त बघा. लय कळली की तो क्षण पकडणं अवघड नाही.

मोठा बाजार बघायचा असेल तर दादरचा फुलबाजार, स्टेशनच्या पश्चिमेला. उजाडायच्या आत पोचा. झेंडू, शेवंती, अष्टर, गुलछडीचे ढीग असतात. श्रावण-भाद्रपदात दुर्वा, आघाडा, बेल आणि तेरडा, दसऱ्याच्या आधी आपट्याच्या फांद्या. टोपलीवाले ओझं घेऊन धावत असतात, त्यांच्या वाटेत उभे राहू नका, खांबाला पाठ लावून थांबा. त्या वेळी बराच उजेड दिव्यांचा असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात.

जिथे फोटो काढायला मनाई असल्याची पाटी आहे तिथे वाद घालू नका. नौदलाच्या भिंती, विमानतळाचा परिसर, अशा जागी तर नकोच. सार्वजनिक बागेत आणि स्टेशनात तिवई (ट्रायपॉड) उघडण्याआधी विचारा.

पावसात

पाऊस फोटोत दिसावा असं वाटत असेल तर मागे काळोखी जागा हवी : जिन्याचं दार, दाट झाड, दुकानाची सावली. पांढऱ्या आकाशापुढे पाऊस दिसतच नाही. शटर १/६० ते १/१२५ ठेवलं तर सरींच्या रेघा येतात, १/१००० ला सुटे थेंब. छपराखाली उभं राहून पागोळ्यांपलीकडचं केळीचं झाड काढा, ही सुरुवात सोपी आणि कोरडी. संध्याकाळी ओल्या रस्त्यावर सिग्नलचे आणि बेस्टच्या बसचे दिवे पसरतात. कॅमेरा गुडघ्यापर्यंत खाली आणा, पाण्यातली झाडांची आणि दिव्यांची छाया मोठी होते.

एसी खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करूनच बाहेर आणा आणि वीसेक मिनिटं पिशवीतच राहू द्या.

मोठा कॅमेरा असणाऱ्यांनी बुरशीचं मनावर घ्यावं. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात कापडी किंवा चामडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला आतून जाळी धरते आणि ती कायमचे डाग सोडू शकते. महागडी कोरडी पेटी नसली तरी चालेल. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघा, जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. आणि कॅमेरा वापरत राहा, बंद पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

डास चावतात ते वेगळंच. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, साचलेल्या पाण्याजवळ संध्याकाळी फार वेळ बसू नका.

कधी काय मिळतं

फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा, झाडावर पान नाही आणि फुलं लाल, खाली साळुंक्या आणि कावळे. मार्चच्या सुमाराला पिंपळाची नवी पालवी तांबूस असते. तिच्यामागे सकाळचं ऊन हवं. एप्रिल-मेमध्ये बहावा, सोनमोहर, गुलमोहर, आणि आपल्या राज्याचं फूल असलेला जांभळा तामण, जो रस्त्याकडेला उभा असूनही कितीजणांच्या नजरेतून सुटतो. जूनच्या सरी आल्या की भिंतींवर शेवाळ आणि नेचे, बाजारात टाकळा, कुर्डू, फोडशीच्या जुड्या. त्या विकायला बसणाऱ्या बायका पहाटेच्या गाडीने येतात, त्यांच्याकडून भाजी आणि ती कशी करायची हे दोन्ही घ्या. श्रावणात सोनटक्का. पावसाळा संपता संपता प्राजक्त, आणि त्यासाठी मात्र पहाटे उठावंच लागतं, कारण सडा पडल्यावर तासाभरात कुणीतरी झाडून टाकतं किंवा वेचून नेतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री शेजारच्या गच्चीत ब्रह्मकमळ उमलणार असल्याची बातमी येते. आपल्याकडे घरोघर दिसतं ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, रात्री उघडतं आणि सकाळी मान टाकतं. फ्लॅश नको. एका बाजूने टॉर्च पांढऱ्या कागदावर मारा आणि कागदावरून परत आलेल्या उजेडात काढा. भोवती जमलेले शेजारीही घ्या, निम्मा सोहळा तोच असतो.

घराबाहेर जाल तेव्हा

सराव झाला की चार जागा सांगतो. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. तिथले वृक्ष दीडशे वर्षांच्या बागेतले आहेत. कैलासपतीची जाड गुलाबी फुलं थेट बुंध्यावर येतात, त्यामुळे मान वर न करता डोळ्यांसमोर मिळतात, आणि आफ्रिकेतली गोरखचिंच माणूस शेजारी उभा केल्याशिवाय फोटोत मोठी वाटत नाही. सायन-माहीमजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं आहे. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. तिथे पायवाट सोडू नका, अंधार पडायच्या आत बाहेर या, बिबट्यांचं घर आहे ते. कारवी हे झुडूप तिथे २०१६ आणि २०२४ साली फुललं. तिचा फेरा साधारण आठ वर्षांचा, तेव्हा पुढच्या बहराची तयारी २०३२ च्या पावसाळ्याची ठेवा.

चौथी जागा खाडी. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. ओहोटीला तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली दिसतात. तिवराचं पान जादा मीठ बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी, तिरप्या उन्हात पान जवळून बघा, मिठाचे बारीक कण चमकतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तक्ता बघूनच निघा. चिखलात मात्र उतरायचं नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवडा. एका झाडाचे चाळीस फोटो असतील तर दोनच ठेवा : एक जवळचा, एक जागेसकट. हिरवा रंग जास्त भडक करण्याचा मोह होतो, तो टाळा. खऱ्या पानाशेजारी मोबाइल धरून बघा आणि तेवढ्यावरच थांबा. फोटोच्या नावात झाड, जागा आणि महिना लिहा, ‘तामण-पार्ले-मे’ असं. पुढच्या वर्षी बहर केव्हा आला ते त्यावरून ताडता येतं. एक प्रत मोबाइलबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा.

ज्यांचे फोटो काढलेत त्यांना ते द्या. पाठवणं सोपं आहे, पण छापील प्रत दिली तर फार बरं. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रतीसाठी १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साध्या मोबाइलचा फोटोही चालतो, फक्त तो चॅटवरून आलेला दाबलेला नको, मूळ फाइल स्टुडिओत द्या. काकूंना अबोलीबरोबर त्यांच्या हातांचाही फोटो द्या, आणि माळ्याला विसरू नका. पुढच्या मोसमात कोणत्या कुंडीला कळ्या धरल्या आहेत हे तुम्हाला सर्वांत आधी तेच सांगतील.